डाव्या कुशीवरचं टेंगूळ

४ तारीख, मंगळवार

…दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला, कपडे साबणात भिजवले, पुढची खोली झाडून घेतली आणि मग रंगाची पूड वाटीत कालवली. जुना टॉवेल खांद्यावर टाकून आरशासमोर बसले, हात लांब केला, तर ब्रश जागेवर नाही. गुलाबी दांडीचा, एका अंगाला केस आणि दुसऱ्या अंगाला फणीसारखे दात असलेला. न्हाणीघर, कपाट, खिडकीची कड, सगळं पालथं घातलं. हे दारात बसून बुटाची नाडी बांधत होते.

"अहो, माझा रंगाचा ब्रश बघितलात का?"

मागचे केस नेहमी तेच रंगवून द्यायचे, माझा हात तिथे पोचत नाही. म्हणून विचारलं. तर वर न बघता म्हणाले, "राहू दे गं आता. पांढरे छान दिसतात तुला."

लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली होती आणि माझ्या दिसण्याबद्दल ह्या माणसाने काढलेला तो पहिला शब्द. वाटीतला रंग वाळला, मी टाकून दिला. पुन्हा कधी केस रंगवले नाहीत. दोन वर्षांपूर्वी हे गेले, झोपेतच गेले, तेव्हा भेटायला आलेल्या बायका आपापसात म्हणत होत्या, बघा, दुःखाने एकदम पांढरी झाली.

हे आज आठवायचं कारण बोटी ठेवायच्या आवारातला मुकादम. निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि तोंड उघडल्या उघडल्या म्हणाला, "आजी, ही बोट कधी हलवताय?"

आजी! त्याची स्वतःची मिशी रंगवलेली आहे.

आमच्या शिडाच्या छोट्या बोटीवर त्याने मागच्या बाजूला लाल रंगाची फुली मारून ठेवली आहे. महिनाअखेरच्या शनिवारी क्रेन येणार. पाण्यात जाण्याजोग्या बोटी पाण्यात, बाकीच्या करवतीखाली. आवार साफ करायचं आहे म्हणे.

"दोन वर्षांत हिच्याकडे कोणी ढुंकून बघितलेलं नाही," म्हणाला.

मी म्हटलं, "मी बघत होते. कुंपणाबाहेरून." तेही खरंच आहे. आत जायला पाय उचलत नव्हता.

"जाण्याजोगी आहे की नाही ते कोण ठरवणार?"

"मी." त्याने अंगठी घातलेल्या हाताने बोटीला टकटक केलं. "ह्याने."

त्याच पावली ग्रंथालयात गेले आणि फायबरच्या बोटी दुरुस्त करण्याचं पुस्तक घेऊन आले. शाळा मी चौथीतच सोडली. वाचायला खरी शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर, आणि तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते. हेही वाचेन. पहिल्याच पानावर लिहिलंय, कामाची रोज नोंद ठेवा. म्हणून ही वही. आणि पहिल्याच नोंदीत केसांचं लिहून बसले. पुस्तक लिहिणारा कपाळाला हात लावेल.

५ तारीख, बुधवार

बोट धुतली. दोन वर्षांची घाण आणि पक्ष्यांची मेहेरबानी.

मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितली. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन, म्हणजे वाळून दगड होणारा चिकट रस. एकावर एक थर. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज टणटणीत येतो, आत पाणी मुरलं असेल तर बद्द. कलिंगड घेताना करतो तेच. इतकी वर्षं मला वाटत होतं ही प्लॅस्टिकची आहे. ह्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

बद्द वाजेल तिथे खडूने गोल केला. नाकाजवळ वीतभर चीर आहे, आत करंगळी घातली तर ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. तळाला पुटकुळ्या आहेत. सुईने टोचल्या की आंबट वासाचं पाणी येतं. संध्याकाळी लांबून बघितलं तर बोट गोवर आल्यासारखी दिसत होती.

डाव्या कुशीवरचं टेंगूळ ठोकलं नाही. तिथे, पाण्याखाली जाणाऱ्या भागात, एकदा खडक लागून भोक पडलं होतं. ते ह्यांनी स्वतः बुजवलं, धाकट्या भावाला मदतीला घेऊन. वर उलटी वाटी ठेवावी असा फुगवटा राहिला. आवारात सगळे हसले. हे म्हणाले, "मुद्दाम जास्तीचे थर दिलेत. अख्खी बोट मोडेल, पण हे मोडायचं नाही." त्यानंतर आत थोडं पाणी यायचं ते निराळं. सगळ्याच बोटींना घाम येतो, हे म्हणायचे. ते उपसायला एक मग कायम बोटीत असायचा. माझ्या न्हाणीघरातला.

टेंगूळ ठोकायची गरज नाही.

७ तारीख, शुक्रवार

भाऊजी आले. माझे दीर, ह्यांचे धाकटे भाऊ. येताना हात हलवत आले, आल्यावर हात मागे बांधून उभे राहिले.

"वहिनी, हे काय आरंभलंय? ह्या वयात?"

"माझ्या की बोटीच्या?"

"दोघींच्या."

मग सूचना सुरू. चीर अशी भरा, पुटकुळ्या तशा भरा, कापड हे आणा, रेझिन ते आणू नका. हाताला धूळ म्हणून लागू दिली नाही. मी सगळं ऐकून घेतलं कारण शिडी त्यांच्या घरची आहे. जाता जाता मात्र टेंगळाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "एवढं सोडून बाकी काय करायचं ते करा. ह्यावर दादाचा हात आहे."

मला भरून आलं. जीभ फटकळ, पण भावावर जीव आहे माणसाचा.

शेजारच्या बोटीवाले म्हातारेबुवा हे ऐकत होते. ते कोणत्याही कामाला "कशाला उगाच" म्हणतात, म्हणून आवारात त्यांचं नाव कशाला-उगाच. स्वतःच्या बोटीला गेली कित्येक वर्षं नुसता रंग देताहेत. मला म्हणाले, "बाई, सगळ्यात आधी ते टेंगूळ ठोकून बघा. बाकीचं कशाला उगाच?"

भाऊजी त्यांच्यावर एवढे ओरडले की मुकादम बाहेर आला.

९ तारीख, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते.

"आई, तू म्हणे बोट दुरुस्त करतेयस. काका सांगत होते."

"करतेय."

"आणि पाण्यात गेल्यावर? चालवणार कोण? तुला पोहता तरी येतं का?"

"मला पोहता येतं. तुझ्या बाबांना येत नव्हतं."

तिला माहीत नव्हतं. मग म्हणाली, "बाबा इतकी वर्षं पोहता न येता बोट चालवत होते? आणि तू जाऊ देत होतीस?"

म्हटलं, दूध उतू जातंय, ठेवते. दूध केव्हाच फ्रीजमध्ये होतं.

पाण्यात गेल्यावर काय, ते मला माहीत नाही. करवतीखाली जाऊ द्यायची नाही, एवढंच माहीत आहे.

११ तारीख, मंगळवार

चीर भरायची तर आधी मोठी करायची, असं पुस्तक म्हणतं. खराब तेवढं कापायचं आणि भोवती बशीसारखा उथळ उतार घासायचा, म्हणजे नव्या कापडाला धरायला जागा मिळते. मुकादमाकडून ग्राइंडर मागून घेतला. देताना म्हणाला, "आजी, पायावर घेऊ नका हं." मी चष्मा, मास्क, ह्यांचा पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि डोक्याला फडकं अशी उभी राहिले. कशाला-उगाच मला ओळखेनात. तेवढाच फायदा.

वीतभर चीर होती, ताटाएवढा खड्डा झाला. आधीच का नाही करवतीखाली दिली, असं एकदा मनात येऊन गेलं.

आणि खाज! काचेची धूळ सदऱ्याच्या आत, कानामागे, कमरेला, जिथे म्हणून कातडी आहे तिथे. घरी येऊन कडकडीत पाण्याने आंघोळ केली. नंतर पुस्तक उघडलं तर लिहिलेलं, गरम पाण्याने धुवू नका, रंध्रं उघडून धूळ आत जाते. हे वाक्य पहिल्या पानावर घालायला काय झालं होतं?

१४ तारीख, शुक्रवार

आज कापड चढवायचं होतं. आकाश ढगाळ, हवा गार. जागा पुसून घेतली, कापडाचे गोल तुकडे कापून लहानमोठे लावून ठेवले आणि तेवढ्यात भाऊजी आणि कशाला-उगाच यांची जुंपली. आधी लहान तुकडा की आधी मोठा? भाऊजी म्हणतात लहान, खड्ड्याच्या तळाशी बसेल. ते म्हणतात मोठा, जुन्या भागाला सगळीकडून धरेल. दोघांनी आयुष्यात एकही तुकडा चिकटवलेला नसावा असा माझा अंदाज. पुस्तकात दोन्ही मतं दिली आहेत आणि लेखकाने पळ काढला आहे.

मी मोठा आधी लावला, कारण तो हाताला आधी लागला.

रेझिनमध्ये दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंब थेंब घालून ढवळायचं, मग ते घट्ट होतं. मी थेंब मोजत होते तोच भाऊजी ओरडले, "बास, बास! फार नका घालू वहिनी. डोळ्यांदेखत तापतं आणि दगड होतं. हातातलं जिथल्या तिथे अडकतं."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"ऐकलंय," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

मी घाबरून निम्म्यावर थांबले.

१५ तारीख, शनिवार

वाळलं नाही. गुळाच्या पाकासारखं चिकट. एक मुंगळा येऊन अडकला.

१६ तारीख, रविवार

वाळलं नाही. आता मुंगळ्याला सोबत आहे.

१८ तारीख, मंगळवार

सगळं खरवडून काढलं. हातमोजे, खरवडायचा पत्रा, सदऱ्याची बाही, जिथे तिथे तो रस. ह्यांचा सदरा गेला. रडू आलं ते सदऱ्यासाठी की रेझिनसाठी, कोण जाणे. कशाला-उगाच माझ्याकडे पाठ करून आपल्या बोटीला रंग देत राहिले. त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. फक्त ते "कशाला उगाच" म्हणतील.

मग डब्याच्या मागचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं. हवा गार असेल तर औषध नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला. मी घातलं होतं निम्मं. शिवाय शेवटच्या थराच्या रेझिनमध्ये मेण असावं लागतं, नाहीतर हवेमुळे वरचा पापुद्रा चिकटच राहतो. दुकानात मेणाची बाटली शेजारीच ठेवलेली होती. दुकानदाराने सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

भाऊजींना फोन करून चांगलं सुनावलं. ते म्हणाले, "मी आपलं तुमच्या भल्यासाठी."

२० तारीख, गुरुवार

पुन्हा लावलं. ऊन होतं, थेंब मोजताना जवळ कोणाला उभं राहू दिलं नाही. लहानसा रोलर फिरवून बुडबुडे काढले. दुपारपर्यंत टणक. नखाने टकटक केलं, टणटणीत वाजलं. मी एकटीच होते, तरी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं का म्हणून.

ऐकलं मुकादमाने. आला, वाकून बघितलं आणि अंगठीने वाजवत वाजवत पूर्ण बोटीला फेरा मारला. नाक टण. तळ, पुटकुळ्या भरल्या तिथे, टण. डावी कूस टण, टण, आणि टेंगळावर बद्द.

पुन्हा वाजवलं. बद्द.

"आजी, हे काढा."

"ते यजमानांनी केलंय. सगळ्यात मजबूत आहे ते."

"मजबूत? आत पाणी आहे."

"तुमची अंगठी सैल असेल."

"माझी अंगठी सैल असू दे, नाहीतर घट्ट असू दे. हे निघाल्याशिवाय क्रेनचा पट्टा हिला लागणार नाही."

फुली अजून तशीच आहे.

२१ तारीख, शुक्रवार

नाही काढणार.

घरात ह्यांच्या हातचं काय आहे? मांडणीची एक कललेली फळी, एक बिजागरी, आणि ते टेंगूळ. भाऊजी म्हणाले, "अगदी बरोबर, वहिनी. मी बोलतो मुकादमाशी." गेले आणि बोलले. मुकादमाने त्यांनाही आजोबा म्हटलं म्हणे.

२२ तारीख, शनिवार

पुस्तकात एक युक्ती आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा बोटीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून उन्हात राहू द्यायचा. आत ओल असेल तर प्लॅस्टिकच्या आतून थेंब धरतात. मुकादमाचं तोंड बंद करावं म्हणून टेंगळावर एक तुकडा लावला आणि हातभर अंतरावर दुसरा.

हातभर अंतरावरचा कोरडा. टेंगळावरच्या तुकड्यातून ओघळ आले.

दव असेल. पण दव एकाच टेंगळावर कसं पडेल?

घरी आल्यावर भाजी करपली. जेवलेच नाही.

२३ तारीख, रविवार

मन शांत ठेवून लिहायचं ठरवलंय. बघू.

सकाळी आवारात सुट्टीचा शुकशुकाट. ग्राइंडर घेतला, टेंगळासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "अहो, माझा नाइलाज आहे." कशाला-उगाच आपल्या बोटीत होते. त्यांनी डोकं खाली घेतलं.

वरचा रंग गेला. खाली थर असतील म्हणून मी अगदी हलक्या हाताने घासत होते, तर थर कुठले! नुसती लांबी, भिंतीच्या खड्ड्यात भरतात तशी. ती ढिसूळ होऊन ढेपेसारखी निघाली आणि मागोमाग पाण्याची धार लागली, माझ्या चपलेवर. जास्तीचे थर म्हणे. अख्खी बोट मोडेल म्हणे.

खाली काहीतरी गुलाबी दिसलं.

मी ग्राइंडर बंद केला. खिळा घेऊन भोवतालचं उकरलं. रेझिनचा पिवळा दगड झाला होता आणि त्या दगडात, कापडाला चिकटून, आडवा पडलेला ब्रश. फणीचे दात वर आलेले. केस काळे, मुळाशी अजून रंगाचा थर. दांडी मध्येच करवतीने कापलेली.

माझा ब्रश.

भाऊजींना फोन केला. "लगेच या," एवढंच म्हटलं. ते घरचा पायजमा घालूनच आले. लांबूनच त्यांना दिसलं आणि तिथेच थांबले.

"भाऊजी, इकडे या. हे काय आहे?"

"वहिनी…"

"दादाचा हात आहे ना ह्यावर? दाखवा मला, कुठे आहे हात?"

तेव्हा तोंड उघडलं. त्या दिवशी सकाळी ब्रश विकत आणायचा राहिला म्हणून ह्यांनी जाताना माझा खिशात टाकला. लवकर वाळावं म्हणून औषध दामदुप्पट ओतलं. पहिलं कापड लावून ब्रश फिरवताहेत तोच सगळं तापलं, धूर निघाला आणि ब्रश जिथल्या तिथे अडकला. दोघांनी ओढला, पाय लावून ओढला. निघेना. शेवटी दांडी कापली आणि वरून लांबी थापली.

"दादाने शपथ घातली मला. म्हणाला, तिला कळलं तर जेवायला मिळायचं नाही. मी म्हटलं, अरे, नवा आणून दे. तर म्हणाला, तसलाच मिळाला नाही तर ती विचारेल जुना कुठे गेला."

"आणि बोटीत पाणी यायचं ते?"

"घाम," भाऊजी म्हणाले. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मला हसू फुटलं. असं हसू की शिडी धरावी लागली. भाऊजीही हसायला लागले, डोळे पुसत, नाक शिंकरत. पोहता न येणारा माणूस हातात माझा मग घेऊन, कंगवा भरलेल्या भोकावर बसून समुद्रात जात होता. आणि मी किनाऱ्यावरून हात हलवत होते.

हसू थांबल्यावर विचारलं, "म्हणजे केसांचं बोलले ते ह्यासाठीच ना?"

"केसांचं काय?"

"पांढरे छान दिसतात म्हणाले होते. त्याच सकाळी."

भाऊजी पायजम्याची नाडी चाचपायला लागले. खोटं बोलायची तयारी करत होते, ते मला कळत होतं. पण नाही बोलले. "ते मला माहीत नाही, वहिनी. मला ब्रशचं तेवढं माहीत."

म्हणजे आता ते कोणाला विचारायचीही सोय नाही.

२४ तारीख, सोमवार

खड्डा वाळवायला घरचा हिटर लावून बसले.

आज दिवसभर ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

२६ तारीख, बुधवार

दोन दिवस हिटर आणि ऊन. मग पुन्हा प्लॅस्टिकचा तुकडा लावून बघितला. कोरडा.

ब्रशचा दगड छिन्नीने फोडून काढला. खालचं ह्यांचं पहिलं कापडही कुजलं होतं. वाटलं होतं, थोडं तरी ठेवता येईल, कडेचं, हातभर नको, चार अंगुळं. खिळा लावला की पापुद्रे सुटत होते. सगळं काढलं. चांगल्या भागापर्यंत गेले तेव्हा आरपार पलीकडचा उजेड दिसला. त्यातून कशाला-उगाच दिसले, बोटीच्या दुसऱ्या अंगाने वाकून आत बघत होते.

"आता मोठा आधी की लहान?" मी विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा, बाई. आम्हाला कशाला उगाच?"

भाऊजींनी आतल्या बाजूने पुठ्ठा धरला. पहिल्यांदाच हातमोजे घातले त्यांनी. औषधाचे थेंब मीच मोजले. ह्यांनी दुप्पट घातलं होतं, मी निम्मं घातलं होतं. दोघांनी एकमेकांना विचारून केलं असतं तर पहिल्याच वेळी जमलं असतं. आणि ब्रश? ब्रश ह्या खेपेला दुकानातून आणला, लाकडी दांडीचा. काम झाल्यावर टाकून दिला. एवढं सोपं होतं.

एक गोष्ट लिहून ठेवते. माझ्या डोक्याला रंग लावताना ह्या माणसाने कधी कानाला डाग पडू दिला नाही. एकेक भांग पाडून, मान वाकडी करून, जीभ दातात धरून लावायचे. त्याच ब्रशने त्याच माणसाने बोटीचं ते तसं केलं.

२८ तारीख, शुक्रवार

घासून घासून सपाट केलं. आता तिथे काहीच दिसत नाही. डोळे मिटून हात फिरवला तर कळत नाही कुठे होतं. सवयीने हात त्या जागी वर उचलला जातो.

मुकादम आला. अंगठीने फेरा मारला. नाक टण, तळ टण, डावी कूस टण, टण, टण. दुसऱ्यांदा मारला. कान लावून तिसऱ्यांदा मारला. मग खिशातून चिंधी काढून थिनरने फुली पुसायला लागला. नीट निघाली नाही, गुलाबीसर डाग राहिला.

"रंग द्या वरून, आजी."

"तुमचा डाग आहे, तुम्हीच द्या," मी म्हटलं.

दिला बिचाऱ्याने.

३१ तारीख, सोमवार

शनिवारी क्रेन आली. पट्टे लावून उचलली तेव्हा बोट हवेत जरा फिरली आणि डावी कूस माझ्या तोंडासमोर आली. मग पाण्यात ठेवली. मी शिडीवरून आत उतरले. हातात मग होता, न्हाणीघरातला. तळाची फळी उचलून बसले आणि बघत राहिले.

"आलं का पाणी?" भाऊजी धक्क्यावरून.

"नाही."

थोड्या वेळाने, "आलं का?"

"भाऊजी, तुम्ही विचारताय म्हणून लवकर येणार नाही ते."

"कशाला उगाच सारखं विचारता त्यांना?" पलीकडून आवाज आला.

जेवायची वेळ टळून गेली. भाऊजींनी पोळीभाजीचा डबा वरून दोरीने सोडला. नाकाजवळ कोरडं. तळ कोरडा. डाव्या कुशीला आतून हात लावून बसले. पलीकडे पाणी आपटत होतं, ते तळव्याला कळत होतं, पण आत येत नव्हतं. ह्यांच्या वेळी ह्याच जागी घाम यायचा. ऊन उतरेपर्यंत मगात काही पडलं नाही, तेव्हा तो फळीखाली ठेवून दिला. बरोबर आणला नाही. तिथेच असायचा तो.

लेकीला फोन करून सांगितलं. ब्रशचंही सांगितलं. ती एवढी हसली की जावयाने फोन घेतला, काय झालं म्हणून. मग पुन्हा तिने घेतला आणि विचारलं, "आई, आता चालवणार कोण?" म्हटलं, "काकांना विचार. मी पोहायला येईन मागोमाग."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं, कपडे भिजवले, पुढची खोली झाडली आणि धक्क्यावर जाऊन फळी उचलून बघितली. कोरडं होतं. येताना दुकानातून रंगाची पूड आणि नवा ब्रश आणला आणि केस रंगवले. मागचे, जिथे माझा हात पोचत नाही, ते पांढरे राहिले.